ओल्या टॉवेलाचे वजन

गेल्या पंधरवड्यात एका संध्याकाळी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेत असताना तो कधी शंका विचारीत नसे. आता देवासच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. येत्या डिसेंबरात दोन मित्रांसह नर्मदेच्या काठाने चार-आठ दिवस पायी हिंडावयाचे, असा त्याचा बेत ठरला होता. "सर, सॅक घेतली, बूट घेतले, अंथरूण-पांघरूणही हलके मिळाले. टॉवेल मात्र ठरत नाही. दुकानात नाना प्रकार दाखवतात. तुम्ही त्या वाटेने चालून आलात. कोणता नेऊ तेवढे सांगा." आम्ही उत्तर देण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. चहाचे कप घेऊन सौभाग्यवती बाहेर आल्या आणि त्याला म्हणाल्या, "विचार, विचार. या विषयात तुझ्या सरांएवढा अधिकारी माणूस अख्ख्या इंदुरात सापडायचा नाही."

हा अधिकार आम्हांस कसा प्राप्त झाला, ते त्या मुलास सांगणे भाग पडले. त्याला सांगितले ते वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

डिसेंबर २०२२ मधील गोष्ट. शाळेला हिवाळी सुट्टी लागली होती. आमचे दोन स्नेही, नाना आणि अण्णा, आणि आम्ही, असे तिघे महेश्वरहून पायी निघून ओंकारेश्वरापर्यंत जावयाचे, असा संकल्प होता. नाना टपालखात्यातून निवृत्त झालेले, अण्णा बँकेतून. दोघेही वयाने आमच्याहून वडील. यथाविधि परिक्रमा करण्याएवढे पुण्य आमच्या गाठी नव्हते आणि तेवढी रजाही नव्हती. तरी परिक्रमावासी नर्मदेला उजव्या हातास ठेवून चालतात, तसे आपणही चालावे म्हणून उत्तर तटाने, प्रवाहाच्या उलट दिशेने, पूर्वेकडे जाण्याचे ठरविले.

सामानाची यादी करण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले. मुख्याध्यापकास यादी करण्याचे व्यसन असते. एकेका पाठीवर सहा किलोहून अधिक ओझे नसावे, असा दंडक आम्ही घातला आणि मग हाती लाल शाईचे पेन घेऊन एकेक वस्तू तपासू लागलो. प्रत्येकाच्या यादीत एकेक टर्किश टॉवेल होता. एक टॉवेल अर्ध्या किलोचा. तीन टॉवेल दीड किलोचे. आम्ही दोन टॉवेल खोडले. तिघांत मिळून एक मोठा टॉवेल पुरेल, तो पाळीपाळीने वाहू, असा निर्णय दिला. "मी आपला माझा पंचा आणतो की," असे नाना हळूच म्हणाले. "एवढा थोरला टॉवेल असताना पंचा कशाला, नाना?" असे म्हणून आम्ही तोही खोडला. एक किलो वजन वाचविल्याच्या आनंदात त्या रात्री आम्हांस फार छान झोप लागली.

पहिल्या दिवशी पहाटे महेश्वरच्या घाटावर धुके होते. अहिल्याबाईंच्या वाड्याचा तट वर अर्धवट दिसत होता. स्नान झाले. टॉवेल ज्येष्ठतेच्या क्रमाने फिरला: प्रथम नाना, मग अण्णा, शेवटी आम्ही. आमच्या वाट्याला आला तेव्हा त्याने अंग पुसले जात नव्हते, उलट ओले होत होते. पिळला, पण जाड टॉवेल दोन हातांनी पिळून पिळणार किती? तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, पिशवी आमच्या सॅकमध्ये गेली आणि वाटेस लागलो. मंडलेश्वर तेथून आठ-दहा किलोमीटर असेल. पण त्या दिवशी पाठीवर सहा किलो नव्हते, हे आमच्या खांद्यांस प्रत्येक पावलागणिक कळत होते. मंडनमिश्र आणि शंकराचार्य यांचा वाद मंडलेश्वरी झाला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. आमचाही वाद तेथेच झाला, आणि तो उद्या टॉवेल कोणी वाहावयाचा यावरून झाला.

रात्री टॉवेल धर्मशाळेबाहेर दोरीवर टाकला. सकाळी पाहतो तो आदल्या संध्याकाळपेक्षा ओला. नदीकाठचे दव हा हिशेब आमच्या यादीत नव्हता. पुढे जलूद लागले. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे जे पाणी मिळते ते येथूनच वर चढवून आणलेले. म्हणजे घरी रोज ज्या पाण्याने आम्ही अंघोळ करतो तेच हे पाणी. पण घरी अंघोळ झाली की टॉवेल गच्चीवरच्या तारेवर जातो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा हाती येतो. मधल्या चोवीस तासांत त्याचे काय होते याचा विचार आयुष्यात केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, पहिल्या दिवशीचा अन्याय दूर व्हावा म्हणून, आम्ही क्रम उलटा लावला. प्रथम आम्ही, मग अण्णा, शेवटी नाना. ही न्यायबुद्धी पुढे किती महाग पडली ते लवकरच सांगतो. तिसऱ्या दिवशी टॉवेलास कुबट वास येऊ लागला. चौथ्या दिवशी बडवाहला पोहोचलो तेव्हा नानांना सर्दी-खोकल्याने बेजार केले होते. ओंकारेश्वर जवळ आले असताना आम्ही तिघे बसमध्ये बसलो आणि इंदुरास परतलो.

संक्रांतीच्या सुमारास नानांच्या कमरेवर आणि काखेत तांबडी, खाजरी वर्तुळे उठली. नानांना मधुमेह आहे. त्यांनी औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने एक मलम आणले. आठ दिवस बरे वाटले, खाज गेली, आणि मग ती वर्तुळे दुपटीने पसरली. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सांगितले, हा नायटा. ही बुरशी. तुम्ही लावलेल्या मलमात स्टिरॉइड होते. त्याने लाली आणि खाज दबते, पण बुरशीला मोकळे रान मिळते. अशी मिश्र मलमे मनानेच लावण्याच्या सवयीमुळे हा साधा रोग अलीकडे फार चिवट झाला आहे. मग त्यांनी विचारले, तुमचा टॉवेल दुसरे कोणी वापरते काय?

हे नानांनी आम्हांस फोनवर सांगितले आणि आमचा हात आपोआप कमरेकडे गेला. दिवाळीपासून तेथे रुपयाएवढे एक वर्तुळ होते. पट्टा घासतो म्हणून होत असेल, असे समजून आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले होते.

रथसप्तमीस नानांच्या नातवाचे बोरन्हाण होते. आम्ही उभयता गेलो होतो. पाटावर बसलेल्या त्या दीड वर्षाच्या पोराच्या डोक्यावर बोरे, चुरमुरे, हरभरे, उसाची करवे यांचा वर्षाव चालला होता, आजूबाजूची मुले ती वेचण्यासाठी झुंबड करीत होती. आजोबा मात्र खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसले होते. पुरळ बरे होईपर्यंत लहान मुलास अंगाशी घेऊ नका, अशी डॉक्टरांची ताकीद होती. हलव्याचे दागिने घातलेले ते पोर मध्येच उठून आजोबांकडे धावले, तेव्हा सूनबाईने त्याला अर्ध्या वाटेतच उचलले. नानांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. ते आम्ही पाहिले.

तरीही त्यांना खरे सांगण्यास आम्हांस महिना लागला. तोपर्यंत आमचेही औषध सुरू झाले होते. एके दिवशी मनाचा हिय्या करून त्यांच्या घरी गेलो आणि हे सारे आमच्यापासून आले, असे सांगून टाकले. नाना शांतपणे म्हणाले, "हेडमास्तर, मला ते तेव्हाच कळलं होतं. बडवाहच्या धर्मशाळेत तुम्ही रात्रभर कंबर खाजवत होता." मग बोलला का नाहीत, असे आम्ही विचारले. "बोलणार काय? यादी तुमची, आणि तीही लाल शाईतली."

नानांची त्वचा पूर्ण स्वच्छ होण्यास मे महिना उजाडला.

यानंतर टॉवेल या वस्तूकडे आम्ही विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू लागलो. आमचा पिंड भाषेचा असल्याने आरंभ शब्दांपासून झाला. टॉवेल इंग्रजीतून आला हे उघड आहे. पण आमच्या इंदुरात चहूकडे ऐकू येणारा 'तौलिया' हा पोर्तुगीजांचा, आणि गोव्याकडील 'तुवालो' हा त्याचाच सख्खा भाऊ. आमचे आजोबा 'टुवाल' म्हणत. आपला म्हणावा असा शब्द पंचा. पाच हातांचे वस्त्र तो पंचा, अशी व्युत्पत्ती सांगतात. 'अंगपुसणे' हा शब्द सुंदर आणि अर्थवाही आहे, पण मागे पडला. 'अंगवस्त्र' तर पुढे भलत्याच अर्थाने बदनाम झाले, त्याचा उल्लेख या कुटुंबाच्या मासिकात इतकाच पुरे.

टर्किश टॉवेलाचे मर्म त्याच्या फासांत आहे. कापडाच्या दोन्ही अंगांस धाग्यांचे बारीक फास उभे ठेवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच लांबीरुंदीत कितीतरी अधिक सूत मावते आणि ते सूत पाणी पिते. ही तुर्कांची कला इंग्लंडात यंत्रावर चढली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात असे टॉवेल मांडले होते. आपल्याकडे सोलापूरने या विणीत नाव मिळविले. घरी हा टॉवेल राजा आहे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु कापसाचा तंतू पाणी नुसते अंगावर घेत नाही, पोटात घेतो. हवेतील ओलाव्यानेसुद्धा त्याच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी त्यात सदैव असते. पॉलिएस्टरच्या तंतूत तेच प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून मायक्रोफायबरचा टॉवेल पाणी धरतो ते तंतूंच्या पोटात नव्हे, तर तंतूंमधल्या फटींत; आणि फटीतले पाणी पिळले की निघते. हे तंतू किती बारीक? ९,००० मीटर लांबीचा धागा तोलला आणि एक ग्रॅम भरला तर तो एक डेनियरचा. मायक्रोफायबर त्याहूनही बारीक. बारीक तंतू, म्हणून फटी असंख्य.

दुकानात आजकाल प्रत्येक टॉवेलाच्या चिठ्ठीवर जी. एस. एम. असा आकडा असतो. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममध्ये वजन, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा आणि टॉवेलाचा आकार कळला की वजन तोंडी काढता येते. पण ते कोरडे वजन, आणि आमची फसगत त्यानेच केली होती. वाटेवर पाठीवर असतो तो ओला टॉवेल.

तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये एका रविवारी आम्ही गच्चीवर प्रयोग मांडला. स्वयंपाकघरातील तराजू वर नेला, त्याबद्दल मिळावयाची ती बोलणी मिळाली. टर्किश टॉवेल कोरडा ५१० ग्रॅम, भिजवून कसून पिळल्यावर ९८०. पंचा कोरडा १४० ग्रॅम, पिळल्यावर २६५. मायक्रोफायबरचा, आकाराने थोडा लहान, कोरडा १५० आणि पिळल्यावर २४५. सकाळी आठ वाजता तिघांस सावलीत वाळत घातले. साडेदहाला मायक्रोफायबर कोरडा झाला, अकराच्या सुमारास पंचा. टर्किश टॉवेल दुपारी चार वाजताही काठाशी दमट होता. म्हणजे तिघांच्या यादीतून आम्ही एक किलो वाचविले होते आणि त्यातले अर्धा किलो पाणी म्हणून परत पाठीवर घेतले होते. तीन पंचे घेतले असते तर कोरडे ४२० ग्रॅम भरले असते. म्हणजे तीन टॉवेलांच्या जागी नानांचे म्हणणे मान्य केले असते, तर आमच्या त्या एकट्या टॉवेलाहूनही ओझे कमी झाले असते. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना ज्या चुकीस आम्ही शून्य देतो, तीच ही चूक.

आता निवडीविषयी. आमचा कौल पंच्यास आहे, आणि तो केवळ स्वदेशाभिमानाने नव्हे. स्नानाच्या वेळी तो नेसता येतो, घाटावर कपडे बदलताना आडोसा होतो, उन्हात डोक्यास गुंडाळता येतो, बसण्यास अंथरता येतो. मात्र कोरा पंचा घेऊन वाटेस लागू नये. त्यास खळ असते आणि खळीचे कापड पाणी ढकलून देते. तीन-चार वेळा कोमट पाण्यात धुऊन तो मऊ केलेला हवा. जुना, धुऊन धुऊन विरत आलेला असेल तर त्यासारखा दुसरा नाही. पंच्याने अंग एका हातात कोरडे होत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय सोपा: आधी तळहातांनी अंगावरचे पाणी निपटून काढावे, मग पुसावे, पिळावे, पुन्हा पुसावे.

मायक्रोफायबरचे गुण वर आलेच. दोष असे की तो कातडीला चिकटल्यासारखा वाटतो, खरखरीत हातांना अडकतो, चुलीच्या ठिणगीने त्यास भोक पडते आणि कपडे मऊ करणारे द्रव घालून धुतला तर त्याची पाणी टिपण्याची शक्ती जाते. आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू झडतात, आणि ते प्लॅस्टिकचे असल्याने कुजत नाहीत. ज्या नदीला 'नर्मदे हर' म्हणून नमस्कार करावयाचा तिच्यातच ते सोडणे आम्हांस बरे वाटत नाही. तो टॉवेल नेणाऱ्याने वाटेत नदीत न धुता घरी आल्यावर धुवावा.

आमचे हे विवेचन चालले असता सौभाग्यवती मध्येच म्हणाल्या, "अहो, तुमच्या डोक्यावर केस किती, आणि बोलता किती! कंबरेपर्यंत केस असलेल्या बाईनं पंच्यानं डोकं पुसून पाहावं, मग सांगावं." हे आमच्या प्रयोगात आले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. ओले केस घेऊन थंडीत चालणे सोसत नाही. लांब केसांच्या व्यक्तीने पंच्याजोडीस मायक्रोफायबरचा लहानसा तुकडा केवळ केसांसाठी ठेवावा, असे त्यांचे मत पडले, आणि ते आम्ही जसेच्या तसे येथे देतो. त्यांच्या आईच्या पिढीत हेच काम जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा करीत असे, असेही त्या म्हणाल्या.

वाळवणे हा निवडण्याइतकाच महत्त्वाचा भाग. ओले कापड सॅकच्या आत कधीही घालू नये. सॅकच्या पाठीवर मोठ्या सेफ्टी पिनांनी अडकवावे. चालता चालता ऊन-वाऱ्याने ते तास-दोन तासांत वाळते. रात्री उघड्यावर टाकू नये, छपराखाली दोरीस बांधावे. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या स्नानाचा आग्रह नसेल तर दुपारच्या मुक्कामी स्नान करावे, म्हणजे टॉवेल आणि माणूस दोघेही उन्हात वाळतात. पहाटेच्या स्नानाचे पुण्य ज्यांस हवे त्यांनी दुसरा पंचा जवळ ठेवावा. एवढे १४० ग्रॅम पुण्यासाठी वाहण्यास हरकत नसावी. घरी परतल्यावर तो गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावा. आणि अंगावर कोठे लहानसे वर्तुळ दिसले, तर पट्ट्यास दोष न देता डॉक्टरांस दाखवावे. खाज थांबली तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध सोडू नये.

विद्यार्थ्याने हे सारे फोनवर टिपून घेतले. "म्हणजे सर, तिघांचे तीन?" असे त्याने शेवटी विचारले. "तिघांचे तीन," आम्ही म्हणालो, "आणि यादी कोणा एकाला करू देऊ नका."

बडवाह ते ओंकारेश्वर हा राहिलेला टप्पा या डिसेंबरात आम्ही तिघे पुरा करणार आहोत. या खेपेस यादी नानांनी केली आहे, निळ्या शाईत. अण्णांनी मायक्रोफायबरचा भगवा टॉवेल घेतला. आम्ही त्यांस काही बोललो नाही. नानांनी आपल्या पंच्याच्या काठास लाल दोऱ्याचा टाका घालून घेतला आहे आणि आमच्या पंच्यास हिरव्या दोऱ्याचा, आणि टाके कोणते कोणाचे याची उजळणी ते आमच्याकडून फोनवर दोनदा करवून घेऊन चुकले आहेत.